गाडीची कुरकुर

मोटारसायकल रस्त्यात अचानक बंद पडली, असं सांगायची आपल्याकडे पद्धत आहे. त्या 'अचानक'वर माझा फारसा विश्वास नाही. चाकात खिळा घुसणं अचानक असू शकतं, एखाद्या सेन्सरने दगा देणंही. पण क्लचची वायर तुटणं, चेन उतरणं, मागची ट्यूब फाटणं, बॅटरीने मान टाकणं या गोष्टी आठवडा-दोन आठवडे आधीपासून शिजत असतात आणि त्या काळात गाडी ते सांगतही असते. ती सांगते डाव्या हाताच्या बोटांना, तळहाताला, माकडहाडाला. आपण त्या सांगण्याला 'त्रास' असं नाव देतो आणि त्रासावरचा उपाय दुकानात शोधतो: जेलचं सीट कव्हर, फोमच्या जाड ग्रिप, कमरेचा पट्टा. माझ्या मते बसण्याचा आराम आणि रस्त्यावरची तयारी हे दोन विषय नाहीतच. ज्याला आपल्या गाडीवर नेमकं काय टोचतंय ते कळतं, तो रस्त्यात कमी वेळा उभा राहतो.

क्लचच्या वायरचंच बघा. ही वायर म्हणजे बारीक तारांचा पीळ, आणि तिच्या टोकाला लिव्हरमध्ये बसणारी धातूची गोळी. शहरातल्या रहदारीत लिव्हर दिवसाला शेकडो वेळा ओढला जातो आणि दर वेळी वायर त्या गोळीच्या अगदी मानेपाशी वाकते. तिथे एकेक तार तुटायला लागते. उरलेल्या तारांवर ताण वाढतो, पीळ लांबतो, तुटलेली टोकं कडेला घासतात. चालवणाऱ्याला जाणवतं ते एवढंच, की क्लच जड झालाय, सोडताना मध्येच अडखळतो, संध्याकाळी मनगट भरून येतं. तो म्हणतो, ट्रॅफिक फार वाढलंय. ट्रॅफिक वाढलेलं असेलही, पण लिव्हर ओढून धरून गोळीच्या मानेकडे टॉर्च मारला तर सुटलेल्या तारा डोळ्यांना दिसतात. त्या दिवशी वायर बदलणं अर्ध्या तासाचं काम असतं. तेच ताम्हिणी घाटाच्या चढावर भर पावसात निघालं तर तो दिवसच गेला. लांब पल्ल्याचे मुरलेले चालक नवी वायर जुनीच्या शेजारून आधीच टाकून, दोन्ही टोकं चिकटपट्टीने बांधून ठेवतात. मला ही युक्ती फार आवडते, पण ती वापरायची वेळ आली याचा अर्थ मनगटाचं म्हणणं कुणी ऐकलं नव्हतं.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे. शंभर-सव्वाशे सीसीची एक सिलिंडरची गाडी थरथरणारच, आपले रस्ते हे असे, मग प्रत्येक मुंगीला निरोप म्हणायचं का? म्हणू नये. त्यासाठी त्रासाला तारीख विचारावी. पहिल्या दिवसापासून आहे तो मापाचा त्रास, आणि गेल्या पंधरवड्यात आलाय तो बिघाडाचा. शोरूममधून निघालेली गाडी कुणाच्याच मापाची नसते. ब्रेक-क्लचचे लिव्हर बहुधा गरजेपेक्षा वर असतात, त्यामुळे मनगट मागे मोडून बोटं ठेवावी लागतात. एका पान्याने क्लॅम्प सैल करून, हात सरळ पसरला की बोटं आपोआप लिव्हरवर पडतील इतका लिव्हर खाली फिरवला, की रोजच्या मनगटदुखीचा मोठा वाटा जातो. गिअरचा दांडा एक दात वर-खाली करता येतो. मागच्या शॉकअपच्या स्प्रिंगला पायऱ्या असतात, बहुतेक गाड्यांवर पाच, आणि त्या फिरवायचा आकडीचा पाना अनेकदा गाडीच्याच किटमध्ये पडून असतो. एकदा हे जुळवून घेतलं की मापाचा त्रास संपतो आणि शरीर मोजमापाच्या उपकरणासारखं स्वच्छ होतं, नवी तक्रार उठून दिसते. जेलचं कव्हर नेमकं उलटं करतं, ते मापाचा त्रास जरा दडपतं आणि बिघाडाचा पूर्ण.

थरथरीची गोष्ट थोडी सविस्तर सांगण्यासारखी आहे, कारण तिथे चुकीच्या निदानावर सर्वांत जास्त पैसा जातो. पन्नास-पंचावन्नच्या वेगाला हॅण्डल गुणगुणायला लागलं तर आधी हे ठरवायचं, की ही थरथर इंजिनाची की चाकाची. मोकळ्या, सरळ रस्त्यावर त्याच वेगात क्षणभर क्लच दाबावा. इंजिनाचा वेग तेवढ्यात खाली येतो, चाकांचा तोच राहतो. थरथर गेली तर इंजिनाकडे बघायचं, त्याचे फाउंडेशनचे बोल्ट सैल झालेत का ते. राहिली तर चाक, टायर, चेन. चेनबाबत एक समजूत घट्ट बसलेली आहे, की जितकी ताठ तितकी चांगली. मागचं चाक खड्ड्यात वर उचललं जातं तेव्हा पुढचं स्प्रॉकेट, स्विंगआर्मचा खिळा आणि मागचा अ‍ॅक्सल एका रेषेत येतात, आणि त्या क्षणी चेनला सर्वांत जास्त लांबी लागते. तेवढा सैलपणा, म्हणजे खेळ, तिला ठेवला नसेल तर दणका शॉकअपऐवजी चेनवर आणि गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर बसतो, गाडी कडक वाटते, आणि बिचारे शॉकअप बदलले जातात. साधारण पंचवीस-तीस मिलिमीटर खेळ बहुतेक गाड्यांना चालतो, नेमका आकडा गाडीबरोबरच्या पुस्तकात असतो. डबल स्टॅण्डवर चाक हळूहळू फिरवत तो पाच-सहा ठिकाणी मोजायचा आणि जिथे चेन सर्वांत ताठ असेल तिथे धरून लावायचा. चेन ओढताना चाक मागे सरकतं, म्हणून ड्रमब्रेकच्या गाडीत मागचा ब्रेकही आपोआप ओढला जातो. त्याचा नट तेवढा सैल केला नाही तर ब्रेक धरून राहतो, हब तापतो आणि अ‍ॅव्हरेज पडलं म्हणून पेट्रोल पंपाला शिव्या बसतात.

हवेबद्दल मात्र एवढं खोलात जायची गरज नाही, तिथे अडचण ज्ञानाची नसून आळसाची आहे. खिळा नसतानाही टायरमधून महिन्याला एक-दोन पीएसआय हवा आपोआप झिरपते. कमी हवेचं चाक आधी आरामदायक वाटतं हीच त्यातली फसवणूक, खड्डे मऊ होतात. मग वळणावर गाडी जड पडते, टायरची भिंत सतत दुमडून तापते, आणि ट्यूबच्या गाडीत टायर रिमवर किंचित सरकून ट्यूबला बरोबर ओढतो. रिमच्या भोकातून व्हॉल्व्ह तिरका बाहेर आलेला दिसला, तर ती ट्यूब मुळाशी फाटायच्या बेतात आहे असं खुशाल समजावं.

दुसरा आक्षेप नव्या गाडीच्या मालकाचा. एप्रिल 2020 नंतर बीएस-6 आलं, बहुतेक मोटारसायकलींचा कार्बोरेटर गेला, टायर ट्यूबलेस झाले, आता कसली कुरकुर? यातलं निम्मं मला मान्य आहे. कार्बोरेटरमधला कचरा, पावसाळ्यातले नखरे, चोक ओढून किका मारत बसणं हे सगळं गेलं ते बरंच झालं. चेतकच्या जमान्यात स्कूटर तिरकी करून सरळ करणं हा चालू करण्याच्या विधीचाच भाग होता, त्याची आठवण गोड असली तरी सोय काही नव्हती. पण त्या स्कूटरला स्टेपनी होती, आणि कार्बोरेटरच्या मोटारसायकलला रिझर्व्हचा कॉक होता. पेट्रोल संपत आलं की इंजिन खोकायचं आणि चालत्या गाडीवर डावा हात आपोआप कॉकवर जायचा. गाडीने त्रास देऊन केलेली ती सूचनाच होती. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत तिची जागा एका दिव्याने घेतली, आणि दिव्याकडे दुर्लक्ष करणं खोकल्याकडे करण्यापेक्षा फार सोपं आहे. टाकीतला पंप पेट्रोलमध्ये बुडून थंड राहतो, सतत तळाशी गाडी चालवली की तोही तापतो. बॅटरी पूर्ण उतरली तर पंप फिरत नाही, त्यामुळे ढकलून चालू करायचा जुना हुकमी इलाज इथे बहुधा फुकट जातो. म्हणून सकाळी स्टार्टर रेंगाळला किंवा हॉर्नचा आवाज बसला, की तो निरोप नव्या गाडीत जुन्यापेक्षा जास्त गंभीरपणे घ्यावा. ट्यूबलेसचंही तसंच. खिळा आठ-आठ दिवस आत बसून राहतो आणि हवा थेंबाथेंबाने जाते. मागचं अंग किंचित डुलतंय हे ज्याला जाणवतं, त्यालाच तो वेळेवर सापडतो.

राहिला फोन. एक कॉल केला की गाडी उचलून नेतात, मग हात काळे कशाला करायचे? पुण्यात, ठाण्यात, नागपुरात हे चालतं, आणि ज्याची गाडी घर ते ऑफिस एवढीच फिरते त्याच्याशी मी वाद घालणार नाही. पण मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर दुचाकीला परवानगी नाही. आपली वाट जुन्या रस्त्याची, वरंध्याची, ताम्हिणीची, जिथे लांबच लांब पट्ट्यांत फोनला रेंज नसते आणि पंक्चरवाल्याचं दुकान दिवेलागणीला बंद होतं. तिथे सीटखाली थोडं सामान असावंच, कारण पूर्वसूचना न देणारे बिघाडही आहेत: ट्यूबलेस असेल तर पट्ट्यांचं पंक्चर किट आणि छोटा पंप, दहा-बारा-चौदाचे पाने, प्लगपाना आणि एक प्लग, क्लचची वायर, फ्यूज, टॉर्च. ट्यूबची गाडी असेल तर पट्ट्या निरुपयोगी, त्याऐवजी आपल्या मापाची ट्यूब न्यावी. ती स्वतःला बसवता आली नाही तरी चालेल. गावातल्या पंक्चरवाल्याकडे हत्यारं असतात, तुमच्या मापाची ट्यूब असेलच असं नाही. (आणि गाडी चालू होत नाही म्हणून काही खोलण्याआधी हॅण्डलवरचं इंजिन बंद करायचं लाल बटण बघावं. येता-जाता कुणीतरी ते दाबून ठेवलेलं असतं.)

सर्व्हिसिंग करतो की आम्ही, असं म्हणणाऱ्यांनी फक्त हिशोब करावा. रोज तीस किलोमीटर म्हणजे महिन्याला नऊशे, आणि दोन सर्व्हिसिंगच्या मधे सहज तीन-चार महिने जातात. एवढ्या काळात चेन कितीदा कोरडी पडते आणि चाकातली हवा किती उतरते हे मेकॅनिकला दिसत नाही. तो गाडीवर बसतो गल्लीतल्या एका फेरीपुरता, तुम्ही रोज तासभर. तेव्हा पुढच्या खेपेला गाडी दुरुस्तीला टाकताना 'सगळं बघून घ्या' म्हणू नका. काय, कुठल्या वेगाला, केव्हापासून, एवढं सांगा. आणि हवेचा मीटर मात्र स्वतःचा घ्या. सकाळी गाडी थंड असताना हवा मोजा. मागच्या चाकासाठी दोन आकडे दिलेले असतात, एक एकट्याचा आणि एक जोडीचा. शंभर-सव्वाशे सीसीच्या अनेक गाड्यांवर एकट्यासाठी 28 च्या आसपास आणि मागे माणूस बसणार असेल तर 32 पासून 41 पर्यंत. तुमच्या गाडीचा आकडा तिच्या पुस्तकात आहे, आणि बहुधा चेनकव्हरवरच्या स्टिकरवरही. चिखल पुसला की दिसतो.