तळ दिसला पाहिजे

मागच्या आठवड्यात ग्रुपवर कुणीतरी काँग्रेस विहिरीचा फोटो टाकला होता. १९२४ च्या डिसेंबरात बेळगावला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेस अधिवेशन भरलं, तेव्हा पाण्यासाठी टिळकवाडीत खोदलेली ही विहीर. खर्च ४,३७० रुपये ३ आणे. आम्हा बँकवाल्यांना ते तीन आणेच जास्त आवडतात! त्या फोटोवरून पाण्याचा विषय निघाला, म्हणून हे लिहितोय.

आमचं गाव निपाणीजवळ. पोहायला शिकलो ते मळ्यातल्या विहिरीत, पाठीला डबा बांधून. विहिरीचं पाणी हिरवंगार, हात घातला तर कोपर दिसायचं नाही. पण त्याचं कुणाला काही वाटत नसे. आमच्या लहानपणी शेजारच्या वाडीतला एक पोरगा बुडाला, तर गळ टाकून त्याला शोधायला संध्याकाळ झाली. पाणी दहा-बारा हातच होतं. खरं दिसतच नव्हतं, तर काढणार कसं? त्याची आई थारोळ्यावर बसून होती, ते अजून डोळ्यासमोर आहे.

रिटायर झाल्यावर गुडघ्यासाठी डॉक्टरांनी पोहायला सांगितलं. बेळगावातल्या एका तलावावर जायला लागलो. (कुठल्या, ते विचारू नका.) एप्रिलमध्ये शाळांना सुट्टी लागली की तिथे जत्रा भरते. त्या वर्षी एके सकाळी पाणी दुधासारखं झालं होतं. राखणदाराला विचारलं तर म्हणाला, "नीर चलो ऐत्रि, काल रात्रीच पावडर मारलीय." आणि त्याच दिवशी एक नऊ-दहा वर्षांचा मुलगा सहा फुटांत खाली गेला. काठावर लाइफगार्ड उभा होता, त्याला कळलंच नाही. दुसऱ्या एका पोराच्या पायाला काहीतरी मऊ लागलं, तो ओरडला, म्हणून वाचला. पाणी काढलं, पोरगं रडायला लागलं, तेव्हा सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

मग मीटिंग. एक जण म्हणाला, सगळं पाणी बदला. मी कागद घेतला. पंचवीस मीटर लांब, साडेबारा रुंद, सरासरी दीड मीटर खोल, म्हणजे जवळजवळ ४ लाख ७० हजार लिटर. उन्हाळ्यात आमच्या गल्लीत नळाची वाट बघत लोक घागरी मांडून बसतात आणि इथं एवढं पाणी गटारीत सोडायचं? आणि पाणी जुनं झालं म्हणून घाण होत नाही, गाळलं नाही म्हणून होतं. वीजबिल वाचवायला फिल्टरचा पंप दिवसातून दोनच तास चालवत होते, हे त्या मीटिंगमध्येच बाहेर आलं. बिल वाचलं, पोरगं जात होतं!

पांढरेपणाचं कारण तर अगदी साधं निघालं. ब्लीचिंग पावडर सरळ पोत्यातून तलावात फेकत होते. तिच्यात चुना असतो, तो पाण्यात तरंगत राहतो. पावडर बादलीत कालवायची, चुना खाली बसू द्यायचा आणि वरची निवळ तेवढी ओतायची. किती? एक लिटरला एक मिलिग्रॅम क्लोरीन धरलं तर या तलावाला ४७० ग्रॅम. पावडरीत क्लोरीन पाव हिस्सा, म्हणजे पावणेदोन-दोन किलो. तेही ऊन उतरल्यावर, कारण एप्रिलच्या उन्हात क्लोरीन बघता बघता उडून जातं. पीएच आठच्या वर गेला तर टाकलेल्या क्लोरीनचा निम्माही उपयोग होत नाही, म्हणून तो ७.२ ते ७.६ मध्ये ठेवायचा. पाणी गढूळ असेल तर रात्री तुरटी टाकायची, पंप बंद ठेवायचा आणि सकाळी तळाला बसलेला साका ओढून काढायचा. आमच्या आज्जीची तुरटी रांजणात फिरायची, हिशेब तोच.

आणखी एक. तलावावर डोळ्यांत झोंबणारा उग्र वास आला की लोक म्हणतात, क्लोरीन जास्त झालं. बहुतेक वेळा उलटं असतं. घाम आणि मूत (माफ करा, पण खरं ते खरं) यांच्याशी क्लोरीनची गाठ पडली की तो वास सुटतो. म्हणून आधी अंघोळ. यावर सर्वांत जास्त वाद माझ्याच वयाच्या मंडळींनी घातला. "घरनं करून आलोय की ओ!"

मध्यंतरी कुणीतरी शेवाळावर उपाय म्हणून मोरचूद जरा सढळ हातानं टाकलं. तांब्याचा अंश पाण्यात वाढला आणि आम्हा पिकल्या केसांच्या चौघांच्या डोक्याला हिरवट झाक आली. सौ. आठवडाभर हसत होती.

मीटिंगमध्ये मी एकच हट्ट धरला होता. सर्वांत खोल भागात तळाशी एक पांढरी ताटली ठेवायची. सकाळी काठावर उभं राहून ती स्वच्छ दिसली तरच गेट उघडायचं, आणि दिसली की नाही ते वहीत सहीनिशी लिहायचं. कुरकुर झाली, पण मान्य झालं. दुसऱ्याच रविवारी ताटली अंधुक दिसत होती. गेटबाहेर पोरं आरडाओरडा करत होती, दोन पालक पैसे परत मागत होते. राखणदारानं माझ्याकडं बघितलं, वहीत "नाही" लिहिलं, सही केली आणि पंप चालू करायला गेला.