मागणं काय होतं, ते आधी विचार

भीमाशंकर

लाडक्या भाचीस,


तुझं पत्र पोचलं. साकिने जान्सिजचं आत्मचरित्र वाचून तू किती हलली आहेस, ते ओळीओळीतून जाणवलं. देर्सिमच्या कुर्द घरातली ही मुलगी कुर्दिस्तान कामगार पक्षाच्या संस्थापकांतली एक. १९७९ साली पकडली गेली, दियारबाकिरच्या तुरुंगात तिचा अमानुष छळ झाला, जवळपास बारा वर्षं ती कैदेत होती. बाहेर आल्यावरही काम सोडलं नाही. ९ जानेवारी २०१३ रोजी पॅरिसमध्ये दोन सहकारी स्त्रियांसह तिला गोळ्या घालून मारण्यात आलं. आणि पत्राच्या शेवटी तू विचारलंस, "मावशी, आपल्याकडे अशी कुणी बाई झाली का?"

झाली. गोदावरी परुळेकर. एक फरक मात्र लक्षात ठेव. साकिनेच्या पक्षाने बंदूक हाती घेतली. गोदूताईंची सारी भिस्त माणसं एकत्र आणण्यावर होती. त्यामुळे दोघींना एका मापाने मोजू नकोस.

गोदूताई १९०७ साली पुण्यात, सुखवस्तू गोखले घराण्यात जन्मल्या. वडील नावाजलेले वकील. कायद्याची पदवी घेणाऱ्या त्या महाराष्ट्रातल्या पहिल्या स्त्री; तू कायदा शिकतेस, म्हणून तुला मुद्दाम सांगते. पण कोर्टाची पायरी चढण्याआधी त्या तुरुंगाची पायरी चढल्या, १९३२च्या सत्याग्रहात. पुढे घर सोडून मुंबई गाठली, भारत सेवक समाजाच्या पहिल्या महिला आजीव सदस्य झाल्या, घरकाम करणाऱ्या मजुरांची संघटना बांधली. १९३९ साली शामराव परुळेकरांशी लग्न झालं आणि दोघं कम्युनिस्ट पक्षात गेले. लगेच पुढच्या वर्षी युद्धविरोधी चळवळीसाठी पुन्हा कैद.

पण बाई घडली ती ठाणे जिल्ह्यातल्या वारली आदिवासींमध्ये. आज तो मुलूख पालघर जिल्ह्यात येतो. तिथे 'लग्नगडी' नावाची रीत होती. लग्नासाठी वारल्याने जमीनदाराकडून थोडे पैसे उचलायचे आणि ते फिटेपर्यंत नवरा-बायको दोघांनी त्याच्याकडे राबायचं. कर्ज फिटत नसे, कारण हिशेब जमीनदाराच्या वहीत आणि वारल्याला वाचता येत नसे. हळद उतरायच्या आत जोडपं गुलाम. बाकीच्यांना वेठ होतीच: आपलं शेत पडीक ठेवून आधी मालकाचं शेत नांगरायचं, तेही फुकट.

जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला किसान सभेची, म्हणजे गोदूताईंच्या शेतकरी संघटनेची, परिषद भरली. तिथे माह्या धांगडा हा वारली व्यासपीठावर उभा राहिला आणि यापुढे वेठ करणार नाही, असं त्याने सगळ्यांसमोर सांगितलं. मे महिन्यात झरी गावी हजारो वारली जमले. ठरलं काय? वेठ बंद, लग्नगडी मोकळे, आणि दिवसाला बारा आणे मजुरी मिळाल्याशिवाय शेतावर जायचं नाही. मग गोदूताई पाड्यापाड्यावर हिंडल्या. वारल्यांच्या झोपडीत राहिल्या, त्यांच्या ताटातलं खाल्लं. वारली त्यांना 'गोदाराणी' म्हणू लागले.

त्याच वर्षी गवतकापणीचा संप झाला. मुंबईच्या तबेल्यांना लागणारं गवत या रानातून जायचं. पाचशे पौंड, म्हणजे सव्वादोनशे किलोच्या वर गवत कापल्याबद्दल अडीच रुपये द्या, एवढीच मागणी. त्यावर सरकारचं उत्तर १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाड्यात मिळालं. गोदूताईंच्या नावाने खोटा निरोप पसरवला गेला, लोक धावत जमले आणि पोलिसांनी गोळ्या चालवल्या. जेठ्या गांगडसह पाच वारली गेले. परुळेकर दांपत्याला जिल्ह्यातून हद्दपार केलं. तरी संप मोडला नाही.

तुरुंग इंग्रजांबरोबर संपला नाही, ही गोष्ट मला फार सलते. स्वतंत्र भारतातही गोदूताई वर्षानुवर्षं स्थानबद्ध होत्या. खटला नाही, शिक्षा नाही, सुटकेची तारीख नाही. १९५७ साली लोकसभेवर निवडून गेलेले शामराव ३ ऑगस्ट १९६५ रोजी ऑर्थर रोड तुरुंगातच हृदयविकाराने गेले. तेव्हा गोदूताईही कैदेत होत्या. आपल्या तुरुंगवासावर त्यांनी 'बंदिवासाची आठ वर्षे' लिहिलं. आणि वारल्यांच्या लढ्यावरच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकाला १९७२ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. आधी लढ्यावरचं हे पुस्तक वाच, मग बंदिवासाचं.

तू म्हणशील, भीमाशंकरच्या डोंगरात बसून मावशी वारल्यांच्या डहाणू-तलासरीचं का सांगते? कारण दुखणं एकच आहे. इथल्याच जांभोरीच्या होनाजी केंगल्याने १८७० च्या दशकात सावकारांना सळो की पळो करून सोडलं होतं. आपल्या महादेव कोळ्यांच्या वाड्यांवर आज वर्षाचा रोख पैसा येतो तो हिरड्याचा. उन्हाळ्यात कोवळी फळं झोडपायची, अंगणात काळीठिक्कर पडेपर्यंत वाळवायची, पोत्यात भरून डोक्यावरून सडकेला आणायची. भाव मात्र ठरवणार व्यापारी. जून २०२० मध्ये निसर्ग वादळाने हिरड्याची झाडं झोडपून काढली, तर भरपाईसाठी माणसांना पुन्हा पुन्हा मोर्चे काढावे लागले, उपोषणाला बसावं लागलं. ती लढाई लढली किसान सभेनेच, टिटवाळ्याला जिची परिषद भरली होती तिनेच. गोदूताई ८ ऑक्टोबर १९९६ रोजी गेल्या, पण त्यांची संघटना आपल्या खोऱ्यात आजही काम करते आहे.

म्हणून तुझ्या अस्वस्थतेचं मला कौतुक आहे, पण काळजीही वाटते. तुरुंगातल्या हालांच्या कथा वाचून ऊर भरून येतो आणि माणूस तिथेच थांबतो. गोदूताईंना कुणी देवी म्हणून ओवाळावं, असं त्यांनी कधीच मागितलं नाही. त्यांनी मागितले बारा आणे. अडीच रुपये. फुकट न राबण्याचा हक्क. एवढ्याशा मागण्यांसाठी गोळीबार, हद्दपारी आणि आठ वर्षांचा बंदिवास लागत असेल, तर गुन्हेगार कोण, हे उघड आहे.

वर्षभरात तू वकील होशील. आजही खटल्याविना माणसं वर्षानुवर्षं गजाआड असतात. त्यातलं कुणाचं नाव कानावर आलं, की ती माणसं वाईट की थोर, हे ठरवायची घाई करू नकोस. त्यांनी काय मागितलं होतं, ते आधी विचार. मागणं रास्त असेल, तर वकीलपत्र घे, फी मागू नकोस.

तुझी,
मावशी