अक्षर फार सुंदर आहे

आमच्या कॉलेजच्या जिन्याखाली एक लाकडी फळा आहे. फळ्याला काच आहे, काचेला कुलूप आहे आणि त्या कुलपाची किल्ली गेली सहा वर्षे माझ्या खिशात आहे. मराठी विभागाचे भित्तिपत्रक त्या काचेआड लागते. किल्ली ज्याच्या खिशात, अभिरुचीही त्याच्याच खिशात, असा माझा इतकी वर्षे प्रामाणिक समज होता.

यंदा जून महिन्यात अकरावी-बारावीची काही मुले माझ्याकडे आली. पुढे होती पिंपळनेरहून रोज एस. टी.ने साक्रीला येणारी एक मुलगी. म्हणाली, "सर, यंदाचे सगळे अंक गाण्यांवर काढू या."

मी आनंदाने होकार दिला आणि आठ दिवसांत पहिला अंक एकट्यानेच लिहून काढला! बालगंधर्व आले, १९५५ साली पुणे आकाशवाणीवरून सुरू झालेले गीतरामायण आले, भावगीतांची परंपरा आली. शीर्षके लाल शाईने, मजकूर काळ्या शाईने. माझ्या अक्षराचा मला थोडा अभिमान आहे, हे आधीच कबूल करून टाकतो.

अंक लागला. मुले आली, शेजारच्या फळ्यावरची परीक्षेच्या फॉर्मची तारीख वाचून निघून गेली. चार दिवस मी स्टाफरूमच्या दारातून टेहळणी केली. अखेर त्या मुलीलाच गाठले आणि विचारले, "कसा वाटला अंक?"

ती क्षणभर घुटमळली. मग म्हणाली, "सर, अक्षर फार सुंदर आहे."

वाचकहो, मूळ प्रश्न टाळून लिहिलेले उत्तर वीस वर्षे पेपर तपासणाऱ्या माणसाला लगेच ओळखू येते. घरी येऊन ही कर्मकहाणी सांगितली, तर सहानुभूती राहिली बाजूला. सौभाग्यवती म्हणाल्या, "पाहुण्यांना जेवायला बोलवायचं आणि पानात सगळं स्वतःच्या आवडीचं वाढायचं! त्यांना काय हवं ते विचारलंत का?"

विचारणे! मला एकदम वडील आठवले. ते त्यांच्या तरुणपणाची एक गोष्ट नेहमी सांगत. बुधवारी रात्री आठ वाजता गल्लीतल्या एकुलत्या एक रेडिओभोवती सगळी पोरे जमत आणि सिलोनवरून अमीन सयानींचा आवाज येई. त्यामागचा इतिहास मोठा बोलका आहे. १९५२ साली डॉ. बाळकृष्ण केसकर नभोवाणी मंत्री झाले. मराठी माणूस, शास्त्रीय संगीताचा मोठा भक्त. त्यांच्या धोरणामुळे आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली. श्रोत्यांनी भांडण केले नाही. त्यांनी रेडिओचा काटा फिरवला आणि सिलोन लावले. त्याच वर्षी ३ डिसेंबरला तिथे 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. पहिल्याच कार्यक्रमाला नऊ हजार पत्रे आली आणि पुढे तो आकडा आठवड्याला पासष्ट हजारांवर गेला, असे सयानी सांगत. आकाशवाणीने १९५७ साली विविध भारती सुरू करून चित्रपटगीतांना पुन्हा दार उघडले.

गीतमालेची खरी करामत मात्र निराळी होती. गाण्यांचा क्रम लावायचा कसा? रेकॉर्डींची विक्री मोजावी, तर दुकानातली रेकॉर्ड संपली की विक्रीही थांबते. म्हणजे सर्वांत लाडके गाणेच मागे पडायचे! म्हणून गावोगावच्या श्रोता संघांचीही मते घेतली जाऊ लागली. लोकांची आवड मोजायला एक माप पुरत नाही, हे त्या माणसाने तेव्हाच ओळखले होते.

जिन्याखालच्या फळ्यावर मीच केसकर होऊन बसलो होतो. दुसऱ्या दिवशी प्रश्नावली काढली. 'तुमचे आवडते गायक कोण? आवडते गीत कोणते? कारणे द्या.' वर नाव आणि हजेरी क्रमांक लिहायला जागा सोडली. शंभरावर कागद परत आले. लता मंगेशकर, भीमसेन जोशी, अभंग, पुन्हा लता मंगेशकर. एका बहाद्दराने तर लिहिले होते, 'सरांना आवडतात ती सर्व.'

मी खुशीत ते कागद आमच्या संपादिकेला दाखवले. तिने दोन-चार उलटले आणि शांतपणे सांगितले, "सर, ही तुम्ही परीक्षा घेतली."

मग तिने स्वतःची पद्धत सांगितली. नाव नको, क्रमांक नको, कारणे तर मुळीच नकोत. चपलांचे एक रिकामे खोके कॅन्टीनमध्ये ठेवायचे आणि वर एवढेच लिहायचे : 'काल एस. टी.त कुठलं गाणं गुणगुणलात?' कारण, तिच्या मते, आवड विचारली की माणूस शोभेल असे सांगतो. काल काय केले ते विचारले की खरे बोलतो. हे शहाणपण कुठल्या पुस्तकातून आणले, असे मी विचारले. ती म्हणाली, "आमच्या आईचं भाजीचं दुकान आहे, सर."

आठवड्याने खोके उघडले. काय नव्हते त्यात! अरिजित सिंग होता, पंजाबी गाणी होती. बीटीएस नावाच्या कोरियन मुलांच्या चमूला कान नदीच्या काठावर सात चाहत्या निघाल्या. दहिवेलच्या पलीकडच्या डोंगराळ पट्ट्यातल्या कुणी तरी 'लग्नातली पावरी' एवढेच लिहिले होते. पण सर्वांत मोठा ढीग होता अहिराणी गाण्यांचा. आमच्या लग्नांच्या वरातीत वाजणारी, 'झुमकावाली पोर'सारखी मोबाइलवरून साऱ्या महाराष्ट्रात गेलेली. आधीच्या शंभर कागदांवर यांतले एकही नव्हते.

आणि तळाशी एक चिठ्ठी होती. तिच्यात गाण्याचे नावच नव्हते. 'आमनं गानं छापशात का, का नुसतं इचारतस?'

आमचे गाणे छापणार का, की नुसते विचारता? चिठ्ठी साधी होती, पण ती हातातून खाली ठेववेना. वाचकहो, मीही कासाऱ्याकडच्या एका खेड्यातला. घरात अहिराणीशिवाय दुसरा शब्द नाही. एम. ए.साठी पुण्याला गेलो, तेव्हा खोलीवर पहिल्याच रात्री तोंडून 'शे' गेले आणि सगळे हसले. त्या हसण्याने मी जीभ घासून घासून लख्ख केली. वीस वर्षांत वर्गात अहिराणी शब्द उच्चारला नाही. उलट मुलांच्या निबंधांत एखादा डोकावला, की त्याखाली लाल रेघ ओढत आलो. माझ्या प्रश्नावलीवर मुले खोटे बोलली नव्हती. मी वीस वर्षे जे शिकवले, तेच त्यांनी लिहून दिले होते.

दुसरा अंक मुलांनी काढला. मी फक्त किल्ली दिली. गाणी जशीच्या तशी उतरवायची नाहीत, त्यांच्याबद्दल लिहायचे, असे ठरले. वरातीत ढोल वाजवणाऱ्या एका मुलाने आपल्या पथकाची हकीकत लिहिली. कोरियन चमूच्या चाहत्यांनी न समजणाऱ्या भाषेतले गाणे का आवडते, यावर चक्क वाद घातला. श्रावणात कानबाई बसते, म्हणून प्रत्येकाने घरच्या म्हातारीला तिच्या गाण्यांबद्दल विचारून यावे, असे संपादिकेने फर्मावले. मलाही सूट नव्हती.

माझी आई पंच्याहत्तरीची. संध्याकाळी ओट्यावर तिच्याजवळ जाऊन बसलो. कानबाईची गाणी विचारली, तर तिने एकामागून एक नऊ गाणी म्हटली आणि वर जात्यावरच्या ओव्या. मी थक्क झालो. एवढ्या वर्षांत कधी बोलली का नाहीस, असे विचारले. पदराने चष्मा पुसत ती म्हणाली, "माले कोनी इचारंच नै."

घरात मराठीचा प्राध्यापक आहे, त्याच्या कपाटात लोकसाहित्यावर दोन खण पुस्तके आहेत, आणि आईला कुणी विचारलेच नाही!

दुसऱ्या अंकाच्या दिवशी जिन्याखाली एवढी गर्दी झाली, की शिपायाने कशाची मारामारी म्हणून धाव घेतली. तरी संपादिकेच्या मनात एक शंका राहिली होती. ढीग मोठा त्याचेच गाणे, असे केले तर पावरीच्या त्या एकट्या चिठ्ठीचे काय? माझ्या पहिल्या अंकात सराची आवड एवढाच निकष होता. आता नुसती संख्या सर होऊन बसेल. म्हणून प्रत्येक अंकात उजव्या कोपऱ्यात एक चौकट ठेवायची ठरली : 'एकाच चिठ्ठीचं गाणं.' पहिला मान अर्थातच पावरीला मिळाला. वाजवणारा त्याच मुलाचा काका निघाला.

तिसऱ्या अंकाच्या तयारीत खोके पुन्हा कॅन्टीनमध्ये गेले. एका दुपारी आजूबाजूला कुणी नाही असे पाहून मीही एक चिठ्ठी टाकली. काल काय गुणगुणलो, ते खरे लिहिले. बालगंधर्व नव्हते. आईची जात्यावरची एक ओवी होती, तिच्याच बोलीत. नाव अर्थातच लिहिले नाही.

शनिवारी संपादिका चिठ्ठ्या मोजून स्टाफरूममध्ये आली. कोपऱ्यातल्या चौकटीसाठी गाणे मिळाले, म्हणाली.

"कुणाचं आहे?" मी शक्य तितक्या सहजपणे विचारले.

"नाव नाही, सर," ती म्हणाली. मग दाराशी थांबून, अगदी गंभीर चेहऱ्याने तिने पुढचे वाक्य उच्चारले,

"पण अक्षर फार सुंदर आहे."