अर्गनच्या रानातल्या बाया

मोरोक्कोतल्या एसाविराहून अगादीरकडे निघालो. समुद्र मागे पडला तशी सडकेच्या दोन्ही बाजूंना काटेरी, वाकडीतिकडी झाडे दिसू लागली. काही झाडांच्या फांद्यांवर चक्क बकऱ्या चढल्या होत्या! हे अर्गन. याची मुळे कोरड्या जमिनीत खोल जातात, माती धरून ठेवतात आणि सहाराच्या वाळूला अडवतात. 1998 साली युनेस्कोने या रानाला जीवावरण क्षेत्राचा दर्जा दिला.

जमीन सरकारची, पण फळे वेचण्याचा हक्क गावकऱ्यांचा. फळे पिकू लागली की ठरावीक रानात बकऱ्यांना बंदी असते. या जुन्या रिवाजाला 'अगदाल' म्हणतात.

वाटेत तमनार गाव लागते. रबातच्या रसायनशास्त्रज्ञ जुबैदा शरूफ यांच्या प्रयत्नांतून 1996 साली येथे बायकांची 'अमल' ही सहकारी संस्था उभी राहिली. हा आपल्या ओळखीचा कृती या अर्थाचा अमल नव्हे. अलिफने लिहिलेला हा 'अमल' म्हणजे आशा. सुरुवातीला विधवा आणि तलाकशुदा बायकाच आल्या, कारण नवरे घराबाहेर कामाला पाठवायला राजी नव्हते. रोजी घरात येऊ लागली तसा विरोध मावळला.

या भागात बाया जमिनीवर बसून दगडावर बी ठेवतात, दुसऱ्या दगडाने फोडतात. कोकणातल्या काजू फोडणाऱ्या भगिनींची आम्हाला आठवण झाली. एक लिटर तेलाला सुमारे 30 किलो फळे लागतात. खायचे तेल गर भाजून काढतात, अंगाला लावायचे न भाजता. पेंड गुरांना जाते. बदाम, मध आणि हे तेल एकत्र वाटले की 'अमलू' होते. भाकरीबरोबर ते फार चवदार लागते.

पूर्वी हे रान सरपणासाठी, कोळशासाठी खूप तुटले. आता झाडावर चूल चालते, म्हणून बायाच ते जपतात. मात्र तेलाला जगभर मागणी आली तसे बडे व्यापारीही आले. युरोपात महागड्या बाटलीत विकल्या जाणाऱ्या तेलाच्या किमतीतला थोडाच वाटा बी फोडणाऱ्या हातांत पडतो. त्यात पाऊस दगा देतो, फळ कमी येते.

म्हणून दुकानात अर्गनची बाटली हाती आली, तर ती एखाद्या महिला सहकारी संस्थेची आहे का, एवढे जरूर पाहावे. बायांच्या मेहनतीला मोल मिळाले, तरच ते रान टिकेल.