वहींत न मांडलेलीं माणसें

व्यवस्थापनशास्त्राच्या वर्गांत पहिल्याच दिवशीं प्रत्येकानें दोन मिनिटांत आपली ओळख करून द्यावी, असें अध्यापकांनीं फर्माविलें. कोणी आपले गुण सांगितले, कोणी पुढील पांच वर्षांचे मनोरथ सांगितले. आमची पाळी आली तेव्हां "गांव रावेर, वडील शेतकरी" एवढेंच बोलून आम्ही खालीं बसलों. आमच्याकडे नव्या मुलीला तिचें नांव मागाहून विचारतात, आधीं विचारतात तें "कोणाची?" एकट्या 'मी'ची ओळख देण्याची संवय नसल्यामुळेंच कीं काय, येथेंहि लेखणी 'आम्ही' असेंच लिहूं लागली आहे, वाचकांनीं तो अहंकार समजूं नये. त्या 'आम्हीं'त किती माणसें आहेत हें आम्हांसहि फार उशिरां कळलें, आणि तीच हकीकत येथें सांगावयाची आहे.

रावेर हें जळगांव जिल्ह्याच्या ईशान्येचें तालुक्याचें गांव. उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस तापी, आणि दोहोंमधील काळ्या जमिनींत केळीच्या बागा. १८७० सालीं मुंबई-कलकत्ता लोहमार्ग जबलपुरावरून पुरा झाला, तो याच गांवावरून जातो. भुसावळ सोडलें कीं सावदा, निंभोरा, रावेर लागतें, आणि पुढें थोड्याच अंतरावर मध्यप्रदेशांतील बऱ्हाणपूर. या रुळांवरूनच आमची केळी दिल्लीच्या बाजारापर्यंत जात आली आहे. २०१६ सालीं जळगांवच्या केळीस भौगोलिक मानांकनहि मिळालें. केळीस पेरण्याजोगें बीं नसतें. जुन्या झाडाच्या कंदापासून पिलें फुटतात, आणि घड उतरल्यावरहि जाणता शेतकरी जुनें खोड कांहीं दिवस तसेंच उभें ठेवतो. त्यांतला रस नव्या पिलास मिळतो, असें आमचे वडील सांगतात.

आमच्या घराची ओळख पाहुण्यांना करून देण्याची एक ठरलेली रीत आहे. डिसेंबर १९३६ मध्यें शेजारच्या यावल तालुक्यांत फैजपूर येथें काँग्रेसचें अधिवेशन भरलें. अध्यक्ष होते पंडित जवाहरलाल नेहरू, आणि खेड्यांत भरलेलें तें पहिलेंच अधिवेशन. आमचे पणजोबा बैलगाडी जुंपून तेथें गेले होते. ही गोष्ट आमच्याकडे चहाबरोबर येते. पणजोबा तेथें होते तितके दिवस गोठ्यांतील जनावरांना वैरण कोणी घातली, दूध कोणी काढलें, हा प्रश्न कोणा पाहुण्यानें कधीं विचारला नाहीं, आणि खरें सांगावयाचें तर आम्हींहि विचारला नव्हता.

तो प्रश्न सुचला एका गृहपाठामुळें. कोणताहि एक व्यवसाय घेऊन त्याचा उत्पादनखर्च मांडून आणा, असें आम्हांस सांगण्यांत आलें. इतरांनीं कारखाने आणि दुकानें निवडलीं. आम्हीं घरची दोन एकर केळी निवडली. वडिलांच्या वहींत रोपें, खत, ठिबकच्या नळ्या, वीजबिल, मजुरी, बँकेचें व्याज, सारें कांहीं तारीखवार होतें, आणि शेवटीं थोडा नफाहि होता. परंतु केंद्र सरकारचा कृषि खर्च व मूल्य आयोग पिकाचा खर्च काढतांना प्रत्यक्ष केलेल्या खर्चावर थांबत नाहीं. तो घरच्या माणसांच्या श्रमाचें मोल धरतो, आणि त्याच्या सर्वांत व्यापक हिशेबांत स्वतःच्या जमिनीचा खंड व भांडवलाचें व्याजहि येतें. केळी हमीभावाच्या यादींत नाहीं. तरी रीत तीच लावून पाहूं, असें आम्हीं ठरविलें.

सुटींत आईस घेऊन बसलों. निंदणीचे दिवस किती, पिलें कापण्याचे किती, वाळलेलीं पानें काढण्याचे किती, हें विचारूं लागलों तेव्हां ती प्रथम हंसली आणि मग बोटें मोजूं लागली, बोटें पुरेनात. वीज रात्रींची असली म्हणजे वडील मध्यरात्रीं उठून पाणी देतात, त्या रात्रीहि मांडल्या. बेरीज होतां होतां वहींतला नफा निम्म्याच्या खालीं आला. जमिनीचा खंड धरतांच उरलासुरलाहि गेला. आम्हीं कागद वडिलांपुढें ठेवला. मोठा शोध लावल्याचा आव आमच्या मुद्रेवर असावा. त्यांनीं तो चष्मा लावून शेवटच्या आंकड्यापर्यंत वाचला आणि शांतपणें म्हणाले, "हे मले माहीत व्हतं. वहीत लिव्हलं असतं, तं कालेजात धाडलं नसतं तुले."

आमची फी कोणत्या रकान्यांतून आली, तें आम्हांस त्या क्षणीं कळलें. वर मान करवेना. तोंच कोपऱ्यांत लसूण सोलीत बसलेली आजी म्हणाली, "आन् मले किती रोज लावला?"

कागदावर आजी नव्हती. कापणीच्या दिवशीं पहांटे उठून मजुरांच्या भाकरी थापणारी, आई शेतांत असतां आम्हांस लहानाचें मोठें करणारी आजी आमच्याहि हिशेबांतून गळाली होती. वडिलांनीं तरी जाणून वगळलें होतें. आम्हांस तर आठवणच झाली नव्हती, आणि आम्ही शिकलेल्या!

ज्या विद्यापीठाची पदवी आम्ही घेत आहों तें १९९० सालीं स्थापन झालें आणि २०१८ पासून कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचें नांव धारण करतें. असोद्याच्या या शेतकरी बाईस लिहितां येत नव्हतें. त्यांच्या ओव्या घरच्या माणसांनीं टिपून ठेवल्या म्हणून त्यांच्या मृत्यूनंतर १९५२ मध्यें पुस्तक निघूं शकलें. ज्या टिपल्या गेल्या नाहींत त्या जात्याच्या घरघरींतच विरल्या असतील. पदवीपत्रावर तें नांव पाहतांना टिपून ठेवणें हेंहि एक कर्तव्य आहे, असें आम्हांस आतां वाटतें.

गृहपाठ देण्यापूर्वीं आम्हीं एक रकाना वाढविला. आजीच्या दिवसांचें मोल काय धरावें हें ठरेना. शेवटीं तिलाच विचारलें. ती म्हणाली, "राहू दे, नाव तेवढं लिव्ह." आम्हीं नांव लिहिलें, आणि त्यापुढें मजुराचा पुरा रोजहि लिहिला. तोट्याचा आंकडा वाढला.

दुसऱ्या वर्षीं नव्या अध्यापकांनीं पुन्हा ओळख करून देण्यास सांगितलें. या खेपेस आम्हीं आरंभ आजीपासून केला. आईपर्यंत पोंचलों, तोंच दोन मिनिटें संपलीं. स्वतःचें नांव सांगावयाचें राहूनच गेलें.