वरवट बकालहून सरळ पश्चिमेला

शेगावहून उत्तरेला निघून पूर्णा ओलांडली की सातपुड्याची निळी रांग दिसू लागते. तिच्या अलीकडे, संग्रामपूर तालुक्यात वरवट बकाल आहे. काळी जमीन, कपाशी, सोयाबीन आणि जून लागला की आभाळाकडे लागलेले डोळे.

हे गाव सुमारे २१ अंश उत्तर अक्षांशावर येते. घरात जगाचा नकाशा असेल तर मुलांना इथे बोट ठेवून सरळ पश्चिमेकडे न्यायला सांगा. आम्ही हा खेळ आमच्या मुलांकडून करून घेतला आहे. अरबी समुद्र संपला की ओमान, मग सौदी अरेबिया. मक्का शरीफ या रेषेच्या किंचितच उत्तरेला राहते. तांबडा समुद्र ओलांडला की आफ्रिका: सुदान, लिबिया, चाड, नायजर, अल्जीरिया, माली, मॉरितानिया. पार शेवटी अटलांटिकच्या काठी नुआधिबू बंदर लागते, तेही जवळजवळ २१ अंशांवरच! एका रेषेत सात देश झाले; खंडात एकूण ५४ आहेत. नऊ भारत मावतील एवढी ती जमीन, आणि आपण मात्र ‘आफ्रिका देश’ म्हणून मोकळे होतो.

रेषा एकच, मग तिकडे सहारा आणि इकडे कपाशी कशी? विषुववृत्तावर तापून वर गेलेली हवा या पट्ट्यात खाली उतरते, कोरडी होते, ढग धरत नाही. आपल्याला वाचवतो तो मोसमी वारा. तो दक्षिण गोलार्धातून येतो आणि केनिया-सोमालियाच्या किनाऱ्यालगत विषुववृत्त ओलांडून आपल्याकडे वळतो. म्हणजे वरवट बकालच्या शेतातला पाऊसही आफ्रिकेच्या कडेकडेने आलेला असतो.

भाकरीचेही तसेच. ज्वारी माणसाने पहिल्यांदा पेरली ती पूर्व सुदानच्या बाजूला, सुमारे पाच हजार वर्षांपूर्वी. चिंचसुद्धा मूळची आफ्रिकेचीच. अरबांनी तिला ‘तमर हिंदी’, म्हणजे हिंदुस्थानी खजूर म्हटले, ही गंमत वेगळी.

पाऊस, ज्वारी, चिंच आपण बिनतक्रार घरात घेतो. माणसाचा रंग आला की अडतो. मक्केत छळ सोसणाऱ्या पहिल्या मुसलमानांना इ.स. ६१५ च्या सुमारास आसरा दिला तो हबशाच्या नजाशीने. हजरत बिलाल (रजि.) यांचे मूळही तिकडचेच. त्यांचे नाव आपण मुलांना हौसेने ठेवतो आणि त्याच घरात सावळ्या मुलीला ‘हबशीण’ म्हणून चिडवतो, स्थळ आले की फोटो उजळ करून पाठवतो. आम्हाला हे पटत नाही.

इथिओपियात जन्मलेला मलिक अंबर गुलाम म्हणून अनेकदा विकला गेला, दख्खनमध्ये आला आणि निजामशाहीचा कारभार त्याने हाती घेतला. १६१० मध्ये त्याने खडकी वसवली. तेच पुढचे औरंगाबाद, आजचे छत्रपती संभाजीनगर. दूरच्या टेकड्यांतले पाणी भुयारी नहरींनी त्याने शहरात आणले. खाऱ्या पाण्याच्या पट्ट्यात राहणाऱ्या संग्रामपूरकरांना गोड्या पाण्याचे मोल वेगळे सांगायला नको. १६२६ मध्ये तो वारला. त्याची कबर खुलदाबादला आहे. वरवट बकालहून पहाटे निघाले तर दुपारपर्यंत पोचता येते.