अंधाराच्या गावी, तेजोमेघाच्या भेटीला

मुलांनो, थंडीच्या दिवसांत रात्री नऊच्या सुमारास जरा अंगणात या आणि मान वर करून बघा. डोक्यावरून थोडे दक्षिणेला तीन ठळक तारे पट्टीने आखल्यासारखे एका ओळीत दिसतील. ओळखलंत? बरोबर, मृग नक्षत्र! चार कोपऱ्यांचे चार तारे म्हणजे हरणाचे पाय आणि मधले तीन म्हणजे व्याधाने मारलेला बाण. (जूनमध्ये आपण ‘मृग लागला’ म्हणतो ना, तेव्हा सूर्यच या नक्षत्रात असतो. म्हणून त्या दिवसांत हे हरीण रात्री दिसत नाही. ते बघायचं तर थंडीच हवी!)

आता बाणाच्या जरा खाली बघा. तिथे आणखी तीन मंद तारे आहेत. त्यांतला मधला कसा दिसतो? पुसट, ओल्या फडक्याने पुसल्यासारखा. तुमच्या डोळ्यांत काही बिघाड नाही बरं का. तो नुसता तारा नाहीच मुळी. तो आहे वायू आणि धूळ यांचा प्रचंड ढग, तेजोमेघ! शार्ल मेसिए या फ्रेंच निरीक्षकाने १७६९ साली त्याची नोंद केली. त्याच्या यादीत याचा क्रमांक ४२, म्हणून जगभर त्याला ‘एम ४२’ म्हणतात.

या ढगाचा फोटो काढायला मी आणि माझी भाची एका खास गावाला गेलो होतो. खास अशासाठी, की त्या गावाने आपला अंधार जपून ठेवला आहे.

गावाचं नाव सिल्लारी. नागपूर जिल्हा, रामटेक तालुका. नागपूरहून जबलपूरच्या रस्त्याला लागलात की कामठी, मनसर करत पुढे जायचं. मनसरजवळ उजव्या हाताला रामटेकचा गड दिसतो. कालिदासाने ‘मेघदूत’ लिहिलं ते इथेच, असं पुष्कळ लोक मानतात. भाची म्हणाली, “मामा, म्हणजे मेघांचा आणि या भागाचा संबंध जुनाच की!” पुढे पवनीजवळ डावीकडे वळलं की सागाचं जंगल सुरू होतं आणि आपण पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या दाराशी येतो. जानेवारी २०२४ मध्ये महाराष्ट्रातल्या या पेंचला ‘डार्क स्काय पार्क’ अशी आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. असा मान मिळवणारं हे भारतातलं पहिलं ठिकाण! त्यासाठी सिल्लारी, पिपरिया, खापा अशा गावांतले शंभराहून जास्त दिवे बदलले. आता त्यांचा उजेड खाली रस्त्यावर पडतो, वर आकाशात उधळला जात नाही. तारे बघण्यासाठी एका तलावाकाठी मनोराही बांधला आहे.

आम्ही निघालो तो दिवस होता शनिवार, २५ जानेवारी २०२५. अमावास्या चार दिवसांवर आलेली. म्हणजे चंद्र पहाटे उगवणार आणि त्याआधीची सगळी रात्र आपली. अडचण एकच होती. दुसऱ्या दिवशी २६ जानेवारी! सकाळी झेंडावंदनाला मला शाळेत हजर राहायचं होतं आणि भाची तर लेझीम पथकात पहिल्या रांगेत. त्यामुळे हाताशी एकच रात्र. ढग आले, तर पुढची संधी थेट महिन्याने.

सामानाची ओळख करून देतो. दुर्बीण नवी कोरी होती, तीन वर्षं पैसे साठवून घेतलेली. तिच्या भिंगाचा व्यास आहे ८० मिलीमीटर, म्हणजे चहाच्या बशीपेक्षाही लहान. ‘एवढीशी?’ असं तुमच्यासारखंच आमच्या शेजाऱ्यांनीही विचारलं. पण तेजोमेघाला फार मोठी दुर्बीण लागत नाही. एम ४२ आकाशात पौर्णिमेच्या चंद्राच्या दुप्पट रुंद आहे. अडचण आकाराची नाही, तो मंद असतो ही आहे. दुर्बिणीच्या मागे, आपण डोळा लावतो तिथे, कॅमेरा बसवायचा. तो मी जुनाच घेतला. खरा खर्च झाला तो दुर्बिणीखालच्या फिरत्या बैठकीवर.

बैठक फिरती का? कारण पृथ्वी फिरते. तिच्यामुळे सगळं आकाश एका मिनिटात पाव अंश सरकतं, म्हणजे चंद्राच्या निम्म्या रुंदीइतकं. दुर्बीण स्थिर ठेवून मिनिटभराचा फोटो घेतला तर ताऱ्यांच्या ठिपक्यांऐवजी शेवया दिसतील! ही बैठक दुर्बिणीला आकाशाच्या चालीने हळूहळू फिरवते. त्यासाठी तिचा आस ध्रुवताऱ्याच्या दिशेने नेमका धरावा लागतो. आपल्या गावाचे अक्षांश जितके, तितकाच ध्रुवतारा क्षितिजापासून उंच. सिल्लारीला तो सुमारे साडेएकवीस अंशांवर. भूगोलाच्या पुस्तकातल्या त्या आडव्या रेघा अशा उपयोगी पडतात!

आमचा मुक्काम माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या आजोबांकडे होता. त्यांना सगळे आबाजी म्हणतात. अंगणात आम्ही दुर्बीण उभी केली तोवर सूर्य मावळला होता. पश्चिमेला शुक्र लखलखत होता. मग गुरू दिसला, रोहिणीच्या जवळ. पूर्वेला पुनर्वसूच्या ताऱ्यांपाशी तांबूस मंगळ. आणि त्यानंतर तारे जे फुटले म्हणता! मोजायला सुरुवात करून भाचीने नाद सोडला. फक्त दक्षिणेच्या क्षितिजावर एक फिकट उजळा होता. तो नागपूरचा. सत्तर किलोमीटरवरून शहर हात वर करून सांगत होतं, ‘मी इथे आहे.’

भाचीने आधी दुर्बिणीला डोळा लावला. मी मोठ्या उत्सुकतेने तिच्याकडे बघत होतो. ती म्हणाली, “एवढंच? हा तर राखाडी धूर दिसतोय. पुस्तकात तर गुलाबी, जांभळा असतो!”

पहिल्यांदा बघणारे बहुतेक जण असंच म्हणतात. आपला डोळा अंधारात रंग ओळखत नाही, आणि आलेला उजेड तो साठवूनही ठेवत नाही. क्षणात बघतो, क्षणात विसरतो. कॅमेऱ्याचं तसं नाही. आईने नळाखाली घागर ठेवावी आणि बारीक धारेनेही ती भरत जावी, तसा तो मिनिटभर उजेड भरून घेतो. आम्ही डोळ्याची भिंगं काढली, कॅमेरा लावला, फोकस केला (याला पाऊण तास लागला, तो तुम्हाला सांगत बसत नाही) आणि ६० सेकंदांचा पहिला फोटो घेतला.

कॅमेऱ्याच्या पडद्यावर पंख पसरलेल्या पाखरासारखा एक गुलाबी ढग उमटला. त्याच्या पोटात पांढराशुभ्र उजेड. भाची काहीच बोलली नाही. मग हळूच म्हणाली, “मामा, मग खरं कोणतं? डोळ्याचं की कॅमेऱ्याचं?”

बघा, सातवीतल्या मुलीचा प्रश्न! मी तिला जे सांगितलं ते तुम्हालाही सांगतो. गुलाबी तांबडा रंग कॅमेऱ्याने रंगवलेला नाही. त्या ढगात हायड्रोजन आहे. ढगाच्या मध्यावर चार तेजस्वी तरुण तारे आहेत. त्यांच्या अतिनील किरणांनी हायड्रोजन पेटल्यासारखा तांबडा प्रकाशतो. मोठ्या दुर्बिणीतून थोडी हिरवट झाक दिसते, ती ऑक्सिजनची. रंग तिथे आहेतच. आपला डोळा कमी पडतो, म्हणून दिसत नाहीत. नंतर संगणकावर आपण फोटो उजळतो हे खरं, पण नसलेलं काही त्यात घालायचं नाही, हा नियम.

या शंकेवर मोठमोठ्या माणसांनीही डोकं खाजवलं आहे. हेन्री ड्रेपर या अमेरिकन डॉक्टरने ३० सप्टेंबर १८८० रोजी याच ढगाचा फोटो काढला. कुठल्याही तेजोमेघाचा तो पहिला फोटो! त्यासाठी त्याला ५१ मिनिटं काच उघडी ठेवावी लागली. आणि आपल्या पुण्यातही हे काम झालं आहे बरं का. कावसजी दादाभाई नेगमवाला हे पुण्याच्या सायन्स कॉलेजात प्राध्यापक होते. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून त्यांनी तिथे वेधशाळा उभारली. २० इंची दुर्बीण आणली, तेव्हा ती भारतातली सर्वांत मोठी होती. या मृगातल्या ढगाच्या प्रकाशाचा वर्णपट त्यांनी तपासला आणि १८९१ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात एक ठळक हिरवी रेघ होती. ती कोणत्या पदार्थाची, यावर इंग्लंडमध्ये दोन बड्या शास्त्रज्ञांचं भांडण जुंपलं होतं. ती ऑक्सिजनची, हे कळायला १९२७ साल उजाडावं लागलं. पुण्याहून तेव्हा हा ढग स्वच्छ दिसत असणार. आज शहराच्या मध्यातून तो शोधून बघा!

साधारण नऊ वाजता आबाजी शेकोटीजवळून उठून आले. “काय करून राहिले, गुरुजी?”

“एकाच ढगाचे साठ फोटो काढतोय, आबाजी.”

“साठ? एकानं भागत नाही का?”

नाही भागत. कॅमेऱ्याच्या प्रत्येक फोटोत खरा उजेड असतो आणि सोबत खोटे ठिपकेही असतात. शाळेचा व्हरांडा एकाने मोजला तर चूक होते, पण वर्गातल्या चाळीस जणांनी मोजून सरासरी काढली तर उत्तर खऱ्याच्या जवळ येतं. तसंच हे. साठ फोटो एकावर एक रचले की खोटे ठिपके जवळजवळ आठ पटींनी दबतात आणि ढग उठून दिसतो. मधला भाग फार तेजस्वी असल्यामुळे त्याचे दहा-दहा सेकंदांचे फोटो वेगळे घ्यायचे.

आबाजी थोडा वेळ पडद्याकडे बघत राहिले. मग हसून म्हणाले, “पयले आमी लाइट पाहिजे म्हणून अर्ज करत होतो. आता लोकं अंधार पाहाले येऊन राहिले!”

त्यांचं हसणं मला नीट लक्षात राहिलं. ज्यांनी कंदिलावर दिवस काढले त्यांना अंधाराचं कौतुक कसं वाटावं? त्यांच्या सूनबाई तर स्पष्टच बोलल्या, “रात्री बाईमाणसाला रस्त्यावर उजेड पायजेच, गुरुजी.” अगदी खरं! दिवे नकोत असं मी म्हणतच नाही. पण सिल्लारीच्या रस्त्यावर पाय कुठे पडतो ते दिसत होतं आणि वर तारेही दिसत होते. दिव्याला टोपी घातली, तोंड खाली केलं, एवढ्यानेच. उलट आमच्या गावात चौकातल्या उंच खांबावर जो झगझगीत दिवा बसवला आहे, त्याचा निम्मा उजेड आकाशात जातो. माझ्या अंगणातून काढलेल्या फोटोंत एम ४२ धुक्यात बुडालेला येतो. विजेचं बिल मात्र पूर्ण उजेडाचं भरावं लागतं. आणि जंगलाला तर अंधार हवाच. दूरवर एक चितळ ओरडलं तेव्हा भाची मला चिकटून बसली. रात्रीवर जगणाऱ्या प्राण्यांच्या घरात आपण पाहुणे होतो.

अकरानंतर दव पडू लागलं. भिंगावर धुकं धरू नये म्हणून तोंडाशी गरम होणारा पट्टा बांधला होता, त्याने काम केलं. एका फोटोवर उपग्रहाची लांब रेघ उमटली. तो फोटो बाजूला टाकला. भरीत-भाकरी तर संध्याकाळीच जिरली होती, तिळाच्या लाडवांवर रात्र काढली. साडेबाराला शेवटचा फोटो झाला. पहाटे पाचला निघून आम्ही वेळेत शाळेत पोचलो. भाची लेझीम खेळताना दोनदा जांभई देत होती, पण ठेका चुकला नाही.

पुढच्या रविवारी संगणकावर सगळे फोटो रचले. त्यासाठी लागणारी प्रणाली फुकट मिळते. रचलेल्या फोटोत पंखांच्या कडा, मधल्या काळ्या धुळीची खाच आणि तारकांचा पुंजका दिसला. हा उजेड तिथून निघाला सुमारे १३४० वर्षांपूर्वी. तेव्हा दख्खनवर बदामीच्या चालुक्यांचं राज्य होतं आणि वेरूळच्या कैलास लेण्याचा पहिला घावही पडला नव्हता!

तुमच्याकडे दुर्बीण नसेल तर घरातला मोबाइल भिंतीला टेकवून पक्का बसवा, रात्रीच्या फोटोची सोय सुरू करा आणि मृगावर धरा. अंधार बरा असला तर बाणाखाली एक गुलाबीसर ठिपका येईल. आई-बाबांना सोबत न्या, दिव्यांपासून दूर गच्चीवर जा आणि डोळ्यांना वीस मिनिटं अंधारात सरावू द्या.

आमचा पुढचा बेत मेच्या सुट्टीतला. तेव्हा मध्यरात्रीनंतर धनू राशीतला सरोवर तेजोमेघ वर येतो. आबाजींनी अंगणात दोन खाटा टाकून ठेवायचं कबूल केलं आहे. एक माझ्यासाठी आणि एक, ते म्हणाले, त्यांच्या स्वतःसाठी.